तीन मडक्यांचं पाणी

माय, मडकी मी तुझ्यासारखीच रचली होती. वरच्यात गिट्टी आणि सात पाण्यांनी धुतलेली नदीची रेती, मधल्यात चुलीतला कोळसा, कुटून, काळं पाणी यायचं थांबेस्तोवर धुतलेला. दोन्हींच्या बुडाला भोक, भोकात सुती चिंधी, आणि सगळ्यांत खाली झाकणाचं कोरं मडकं. तुला जाऊन बारा वर्षं झाली, तरी हातांना सगळं पाठ होतं. चुकलं ते हातांचं नाही, तोंडाचं.

मी पाचवीत असताना गुरुजी आपल्या घरी आले होते, आठवतं? तू चुलीपुढे, आणि मी शहाणपणा करून खालच्या मडक्यातला गिलास भरून त्यांना दिला. गिलास त्यांच्या ओठांपाशी पोचला आणि तू उठून तो सरळ हातातून काढून घेतलास. गुरुजी बघतच राहिले. "माफ करा गुरुजी, हे उकळलं नाही अजून." मग माझ्याकडे वळलीस. "काहून रे, डोये फुटले का तुये? गाळल्यानं गाळ जाते, रोग नाही जात. अन् फिल्टर बनवला कोणं? म्या. म्या पेल्याबिगर कोणाले द्यायचं नाही, म्हटलं होतं ना?" पाणी उकळून निवेपर्यंत गुरुजी तहानलेले बसून राहिले. पाहुण्याचा असा अपमान केलास म्हणून मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो.

यंदाच्या पुरात वैनगंगा गावात शिरली. पाणी उतरलं तरी विहिरी चहासारख्या गढूळ. तिच्या घरचीही. ती कोण, ते तुला सांगायचं राहिलंच. भंडाऱ्याच्या कॉलेजात आम्ही एका वर्गात होतो. तिच्यावरून एकानं टोमणा मारला, मी त्याचं नाक फोडलं. सर माफी माग म्हणाले. मी वह्या उचलल्या आणि जो निघालो तो तुमसरच्या राईस मिलमध्येच येऊन थांबलो. तिनं शिक्षण पुरं केलं. आणि तिचं घर तुला माहीत आहे. गावाच्या मधातलं, मोठ्या धानवाल्यांचं. रोवणीच्या दिवसांत त्याच अंगणात तू ओंजळ धरून वाकायचीस आणि तिची आजी वरून पाणी ओतायची. आपल्या वस्तीतल्या बायांसाठी त्या घरात वेगळा गिलासही नव्हता, गिलासच नव्हता.

त्याच अंगणात तिनं मला बोलावलं. "तुले येते ना तो फिल्टर? आमच्या इथं बनवून दे." मी सकाळपासून खपतो आहे, तिचा बाप खाटेवर बसून बघतो आहे. "कॉलेज सोडून हेच शिकला का बे?" मी ऐकून घेतो. मी, माय! ती दारातून हसते म्हणून ऐकून घेतो. पहिलं पाणी नालीत सोडलं, दुसरंही सोडलं, मग खालच्या मडक्यात असं नितळ पाणी साचलं की बूड दिसावं. तिचा बाप उठला, जवळ आला आणि त्यानं हात पुढे केला. "दे गा, पाहू तुयं पाणी."

'थांबा काका, उकळायचं आहे.' एवढंच म्हणायचं होतं. पण त्या अंगणात, त्या हाताला 'थांबा' कसं म्हणू? आज मागतो आहे, उद्या मागेल का? ती माझ्याकडे बघत होती. मी गिलास भरून दिला. त्यानं तोंडाला लावण्याआधी विचारलं, "तू पेला का?" मी म्हणालो, "मघाशीच पेलो." तो दोन गिलास प्यायला.

तिसऱ्या दिवशी त्याला उलट्या-जुलाब, भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती, सलाईन. जगला. परत आला तेव्हा गालफडं बसली होती. आणि गावात कोणीही म्हणालं नाही की पाणी उकळलेलं नव्हतं. म्हणाले, "कोणाच्या हातचं पेला ते पाहा ना. मंग काय होईन?" एका सकाळी तिन्ही मडकी आपल्या वस्तीच्या तोंडाशी फुटून पडलेली. मी लाकूड घेऊन धावलो. ती वाटेत आडवी आली.

"मारून काय होते? बाबा इचारून राहिले, पाण्यात काय होतं. सांग ना."

"पाणी चांगलंच होतं."

"पाणी चांगलं होतं?" ती म्हणाली. "मंग लोक म्हणतात तेच खरं समजू का मी?"

ती गेली आणि मी लाकूड टाकून दिलं. पाणी चांगलं म्हटल्यावर वाईट उरतो तो हातच, माय. माझा, आणि तुझ्या ओंजळीचाही. हे मला तिनं तोंडावर म्हणेपर्यंत कळलं नव्हतं. तिचा बाप रोज सकाळी ओट्यावर बसतो. जाऊन सांगायचं, की खोट माझ्या घाईत होती, हातात नव्हती. दोन सकाळी त्यांच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परतलो. भांडायला पाय लगेच उठतात, हे सांगायला उठत नाहीत. उद्या पुन्हा निघायचं आहे, म्हणून आधी तुला सांगून पाहतो. हे पत्र टाकायला पेटी कुठली असणार? घडी करून तुझ्या जुन्या मडक्याखाली ठेवतो.

एक राहिलं. ते ओट्यावर सांगता येईल की नाही, माहीत नाही. मघाशीच पेलो म्हणालो, ते तेवढं खोटं नव्हतं. पेलो होतो. फक्त माझ्या पिशवीतल्या बाटलीतलं, घरून उकळून नेलेलं.