शटर खाली येईना

४ मार्च

हसले! मेले सगळे हसले!

माझा सिनेमा थिएटरात लावायचा तर कसा लावायचा, हे ठरवायला वितरकाने आज चाचणी खेळ ठेवला होता. अनोळखी लोक, फुकट तिकीट. तासभर गुमान बसले. मग तो प्रसंग आला. बापाचं दुकान रस्ता रुंद करताना जाणार, तो शेवटचं शटर ओढतो आणि ते अडकतं! साऱ्या गल्लीची कुलपं उघडून देणारा किल्लीवाला, आणि त्याचंच दुकान बंद होईना. शेवटी शटरला दोन्ही हातांनी लोंबकळतो, पाय जमिनीवरून सुटतात. मागे दप्तर छातीशी धरून त्याची मुलगी उभी.

ती मुलगी मी. तो बाप माझा. त्या दिवशी मी रडले, लिहिताना रडले, शूटिंगलाही रडले. आणि हे लोक खुर्च्या बडवत होते. मी मागच्या रांगेत दात-ओठ खात बसले.

५ मार्च

वितरक खुशीत. (आम्ही त्यांना चष्मेवाले म्हणतो. एक चष्मा डोळ्यांवर, एक डोक्यावर.) "मॅडम, लॉटरी लागली! विनोदी म्हणून विकू. ट्रेलरमध्ये लोंबकळणारा बाप, खाली टुंग-टुंग संगीत. पोस्टरवरही तोच!"

म्हटलं, माझ्या बापाचं माकड करायचं नाही.

"मग ही प्रदर्शनाची तारीख मी दुसऱ्या सिनेमाला देतो. तेवीसपर्यंत सांगा."

सांगते की! तोवर प्रसंग असा कापते, की कुणाच्या बापाची हसायची हिंमत होणार नाही.

८ मार्च

दिवसभर एडिटिंग. माझी एडिटर म्हणजे कॉलेजपासूनची मैत्रीण, जीभ तिच्या कामापेक्षा धारदार. ती म्हणाली, "लोक लांबच्या शॉटला हसतात. पाय दिसतात ना." काढले पाय! त्या जागी जवळचा शॉट लावला. नुसता चेहरा, घाम, डोळ्यांत पाणी.

खरं तर तो चेहरा मला त्या दिवशी दिसलाच नव्हता. बाबा पाठमोरे होते, खांदे तेवढे गदगदत होते. पण रडणारा माणूस कसा दिसतो, हे काय कुणी शिकवायला हवं?

"आता हसून दाखवा म्हणावं!" मी.

"आता रडतील का, ते बघ." ती.

९ मार्च

जेवताना बाबा : "झाला का गं तुझा सिनेमा?" म्हटलं, होत आलाय. त्यात एक दुकान आहे एवढंच त्यांना माहीत. शटरचं सांगितलेलं नाही. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललोच नाही. खपली कशाला काढा?

१५ मार्च

दुसरा चाचणी खेळ. कुणी हसलं नाही.

कुणी रडलंही नाही. एक बाई मोबाइल बघत होत्या, शेजारचे काका जांभया देत होते. चष्मेवाल्यांनी दोन्ही चष्मे काढून पुसले आणि निघून गेले.

"पाय परत लाव," एडिटर म्हणाली. नाही लावणार! प्रसंग पडला तो आवाजामुळे. चेहरा नाकासमोर आणि धापा मात्र गल्लीच्या दुसऱ्या टोकाहून आल्यासारख्या. शूटिंगला माइक लांब होता. धापा नव्याने रेकॉर्ड करायच्या, बस.

१६ मार्च

नट दुसऱ्या शूटिंगला गेलाय, महिनाभर उगवायचा नाही. एडिटर म्हणते, "बाबांनाच आण की. धापाच तर टाकायच्यात."

तिला चांगलीच झापली. मग दिवसभर तेच डोक्यात.

१७ मार्च

आईचा सल्ला घ्यायला गेले. "मला काय विचारतेस? त्यांना विचार. खाणार आहेत का तुला? बाप-लेक दोघं तोंडाला कुलूप लावून बसता, आणि किल्ली माझ्याकडे मागता!"

विचारलं. बाबांनी पेपर खाली ठेवला. "शटरचा प्रसंग घेतलास? काय दाखवलंस त्यात?"

म्हटलं, घडलं तेच.

त्यांनी पेपर परत उचलला. "बरं. येतो."

२० मार्च

उद्या रेकॉर्डिंग. रेकॉर्डिस्टला बजावून ठेवलंय, की त्यांना पडद्यावर फक्त जवळचा शॉट दाखवायचा. चार धापा घ्यायच्या, पाणी द्यायचं, घरी आणायचं. मी शेजारीच उभी राहीन. त्यांना रडू आलं तर थांबवायचं, मग धापा नाही मिळाल्या तरी चालतील.

आणि चष्मेवाल्यांना उद्याच नाही म्हणून टाकायचं. तेवीसची वाट कशाला बघा? जाऊ दे तारीख. दुसरा वितरक शोधीन, शाळांच्या हॉलमध्ये दाखवीन, पण माझ्या जिवात जीव आहे तोवर हा सिनेमा विनोदी म्हणून लागणार नाही!

२१ मार्च

रेकॉर्डिस्टने चुकून लांबचाच शॉट लावला. बंद करा, बंद करा म्हणत मी धावले. तोवर बाबांनी ते लोंबकळणारे पाय पाहिले होते आणि भिंतीला टेकून हसत होते! खांदे गदगदत होते. अगदी तसेच.

"अगं, त्या दिवशीही हसूच फुटलं होतं मला! पण मागे तू एवढी रडत उभी. तुझ्यादेखत हसायचं कसं? म्हणून शटरकडे तोंड करून ओढत राहिलो."

पाय परत लावले. चष्मेवाल्यांना फोन केला, लिहा विनोदी. ते टुंग-टुंग तेवढं नको. माइक चालूच होता, बाबांचं हसू आलंय आमच्याकडे.