नव्या मुठीचं माप

रविवार, ९ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. तुझी आई म्हणते, तब्येतीचं नीट लिहा. तर, ठीक आहे असं नीट लिहिलं आहे. घड्याळांचं दुकान सध्या दुपारनंतर बंदच ठेवतो. गिऱ्हाइकं काही पळून जात नाहीत.

दुपारी खिडकीपाशी आपलं नेमबाजीचं पिस्तूल घेऊन बसतो. छर्रा न भरता समोरच्या पांढऱ्या भिंतीवर नेम धरायचा, हा आपला जुना सराव. ऊन भिंतीवरून सरकत जातं, नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी त्या उजेडात तरंगत राहते आणि मला वेळेचं भान राहत नाही. घड्याळजीला हे शोभत नाही, पण काय करणार.

अलीकडे माशी जरा जास्तच तरंगायला लागली. म्हणून नळीखाली छोटं वजन लावलं. मग ते काढलं. ट्रिगरची स्प्रिंग बदलून ओढ नियमात बसेल तितकी हलकी केली. माशी रुंद बसवून पाहिली, बारीक बसवून पाहिली. तुझी आई दारात उभी राहून हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "पिस्तूल कुठे हलतंय? तुम्ही हलताय."

त्यावर मी तिला काय बोललो ते लिहीत नाही. डॉक्टरांकडे जाऊन आलो. हाताला कंप आहे. गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही. दुकानाचंही त्यामुळेच. लिहायचं नव्हतं, पण अक्षरावरून तू ओळखलंच असशील. फार वाईट वाटलं, ठमे. काही दिवस पिस्तूल पेटीबाहेर काढलं नाही.

मग मनात आलं, पिस्तूल तर छान जुळलंय, हात तेवढा दुसरा हवा. अक्रोडाच्या लाकडाची नवी मूठ कोरायला घेतली, तुझ्यासाठी. घासायच्या कामाला थरथर चालते, पॉलिशपेपर आपोआप फिरतो. आणि माप कशाला हवं? तुझा हात हातात धरूनच तुला नेम शिकवला होता. डोळे मिटले की अंगठ्याजवळचा खळगा, तळव्याचा फुगीर भाग, सगळं माझ्या बोटांना आठवायचं. उन्हात भुसा तरंगायचा आणि तू शेजारी श्वास रोखून उभी आहेस असं वाटायचं. एकदा तर मी मोठ्याने म्हणालोही, सावकाश, घाई नको.

मूठ काय देखणी झाली म्हणून सांगू! आईने हातात घेतली तर तिची बोटं मावेनात. बराच वेळ ती मुठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "अहो, हा शाळेतल्या ठमीचा हात आहे."

खरंच होतं ते. तू नोकरीला लागलीस, पिस्तूल सुटलं, येणं कमी झालं. तुझा आताचा हात मला माहीतच नाही.

लाकडाचा दुसरा ठोकळा आणून ठेवलाय. क्लबच्या सामन्याला नावही दिलंय, माझं नव्हे, तुझं. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. रागवायचं असेल तर इथे येऊन रागव. तू कागदावर हात ठेवून, पेन्सिलीने गिरवून माप पाठवशील, मी ओळखतो तुला. तसलं माप चालायचं नाही. सामन्यात नेम चुकला तरी माझी तक्रार नाही. गोळ्यांनी हात जरा ताळ्यावर आहे, तोवर ये.

तुझ्या हाताची वाट पाहणारा,
बाबा