एक्केचाळीस पांढरी

१८ मे
पोचलो बाई एकदाचे! मी, नेसा, जाळं, सूक्ष्मदर्शक आणि बिस्किटांचा डबा. घरमालकीण पेगबाई हेहिर ऐंशीच्या घरातल्या, जीभ मात्र विशीतली. गरम पाव पुढे सरकवून म्हणाल्या, फुलपाखरं मोजायचा पगार मिळतो होय? मग मी साठ वर्षं फुकटच राबले म्हणायची! नेसा खुदुखुदु हसली. पाच वर्षांची आहे. बाप नाही तिला. मला ती आणि तिला मी. आमच्या आयर्लंडात फुलपाखरांच्या जाती इनमीन पस्तीस. एखादी नव्या ठिकाणी सापडली तरी माणूस वर्षभर मिरवतो. मलाही मिरवायचंय.

२० मे
पहिली फेरी. दर आठवड्याला तीच वाट, तीच चाल. पुढच्या पाच पावलांतलं तेवढं मोजायचं. मागे वळायचं नाही. नेसा माझ्या पिशवीचा पट्टा धरून मागून चालते. चुनखडीच्या माळावर, हेझलच्या झुडपांआड, बाप्तिस्म्याआधी गेलेल्या बाळांची दफनभूमी आहे. प्रत्येकावर एक गारगोटी. तिथे पांढरी फुलपाखरं एक्केचाळीस. पेगबाई म्हणाल्या, ठाऊक आहे, गारगोट्याही तेवढ्याच आहेत. त्यांची मुलगीही तिथंच. पाद्र्याने चर्चच्या आवारात जागा दिली नाही, तेव्हा नवऱ्याने बुटांच्या खोक्यातून नेलं. सांगताना बटाटे सोलत होत्या.

२७ मे
पुन्हा एक्केचाळीस. या पांढऱ्यांत दोन जाती आहेत, दिसायला हुबेहूब. मारून पोट फाडल्याशिवाय कळत नाही. दुसरी जात या माळावर कुणालाच सापडलेली नाही. एक धरलं, छातीवर चिमटा, संपलं. नेसा भोकाड पसरून रडली. अगं, एक गेल्याने काय आभाळ कोसळणार आहे?

जात नेहमीचीच निघाली. पेगबाई बराच वेळ भिंगातून बघत होत्या. म्हणाल्या, पंखाला खोच आहे; दर उन्हाळ्यात माझ्या खिडकीवर यायची ती हीच, माझी पोर. फुलपाखरू काही आठवडेच जगतं, हे मी गिळलं. माफी मागितली.

३ जून
चाळीस. असणारच! पेगबाईंनी मात्र स्वच्छ सांगितलं, पोरी, ती बाळं जागा रिकामी ठेवत नाहीत. एक्केचाळीस भरायच्या आत लेकीला घेऊन चालती हो. मी फाडकन म्हटलं, तुमचा सूड माझ्या लेकरावर नको. त्यांनी शांतपणे चहा ओतला. म्हणाल्या, मी काही करणार नाही. पण अडवणारही नाही.

८ जून
नेसाला उचललं तर हलकी लागली. वजन केलं. तीन किलो कमी. डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे. उशीवर पांढरी भुकटी. बोटांना चिकटते, पंखांची चिकटते तशी. मला भीती वाटते.

९ जून
गवतातून धावते, गवत वाकत नाही. सामान बांधलंय. उद्याची फेरी तेवढी — चुकली तर वर्षाचे आकडे वाया. आणि चाळीसच भरली, तर हे सगळं माझ्या मनाचंच —

नेसाला तासभर ठेवून घ्याल का विचारलं. पेगबाईंनी दार लावून घेतलं.

१० जून
पट्टा तिच्या मनगटाला बांधलाय. दोन गाठी. चालता चालता लिहितेय.

बारा. एकोणीस. मागून गुणगुणतेय. गुणी बाळ माझं ते.

एकतीस.

पट्टा ताणलेला आहे. आहे ना. वळायचं नाही —

अडतीस. चाळीस. पुढे काही नाही. चाळीसच! सुटलो. नेसा, चल, आता गाडीत —

गुणगुणणं थांबलंय.

पट्टा सैल. ओढला. गाठी तशाच, दोन्ही. आत मनगट —

खांद्यावरून पुढे आलं एक. छोटंसं. वहीवर बसलंय. नेसा, बाळा, हलू नकोस, आई तुला मोजणार नाही, आई