मैत्रिणीच्या ट्रेलरची बॅटरी

तीर्थरूप बाबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून लिहायला बसलेय. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र.

आम्ही दोघी मायलेकी मजेत आहोत. घर लहान आहे, पण ऊन भरपूर. तुमची नात वाफ घेतली की शांत झोपते. तुमचा गुडघा कसा आहे? शर्टाच्या खिशात टेस्टर अजून असतोच ना?

एक विचारायचं होतं. माझी एक मैत्रीण गाडीमागे ओढतात तसल्या ट्रेलरमध्ये राहते. तिने टपावर सोलर पॅनल बसवलं. पॅनल आधी जोडलं, बॅटरी नंतर, तर चार्जिंगच्या कंट्रोलरमधून धूरच निघाला. तिचं चुकलं कुठे?

कसाबसा दुसरा कंट्रोलर मिळालाय. हाही जळला तर संपलंच, कारण तिच्या पोरीचं वाफेचं मशीन त्याच बॅटरीवर चालतं. दिवे बंद ठेवून आठवडाभर पुरवेल म्हणते. पण पुन्हा चुकेल या भीतीने नवा कंट्रोलर अजून खोक्यातच ठेवलाय.

उलट टपाली लिहा, बाबा. चित्र काढा, लाल वायर लाल पेनने दाखवा. तोवर उन्हाने वायरींत करंट येऊ नये, म्हणून पॅनलवर आईची गोधडी टाकून ठेवलीय.

तुमचीच,
बारकी