फळ्यांखालचं गवत

३ मार्च, सोमवार

साहेबांनी आज बॉम्ब टाकला. पंधरा तारखेला आपल्या स्टेडियममध्ये रॉकवाल्यांचा कार्यक्रम! चाळीस हजार माणसं. त्यातली निम्मी माझ्या गवतावर उभी राहणार. वरून प्लास्टिकच्या फळ्या अंथरतील म्हणे. "फळ्यांनी काही होत नाही हो!" यांचं काय जातंय बोलायला. फळ्यांखाली ना ऊन, ना वारा. तीन दिवसांवर राहिलं की गवत पिवळं पडायला लागतं. आणि चोवीसला फुटबॉल सामन्याआधीची तपासणी! नापास झालं तर सामना दुसरीकडे जाईल. मी या मैदानाचं गवत राखतोय त्या बावीस वर्षांत असं कधी झालेलं नाही.

जेवताना हेच बडबडत होतो. ही म्हणाली, "बसली का माझी हिरवी सवत आजपण पंगतीला!"

६ मार्च, गुरुवार

लेकीनं, भिंगरीनं, बेकरीतल्या पहिल्या पगारातून चार तिकिटं आणली. त्याच कार्यक्रमाची! माझी आई, ही, ती आणि मी. आणि खुर्च्यांची नव्हे, खाली मैदानात उभं राहायची.

म्हटलं, अगं, आधी बोलली असतीस तर गॅलरीचे पास मिळाले असते. आजीला बसायला खुर्ची तरी मिळाली असती. "मला खालचीच हवी होती," एवढं बोलून उठून गेली.

भिंगरी हे नाव मीच ठेवलेलं. एका जागी ठरायची नाही. आता एकोणीसची झाली. सहाव्या वर्षानंतर माझ्या मैदानात तिनं पाऊल टाकलेलं नाही. आज एकदम हे काय?

७ मार्च, शुक्रवार

दिवसभर तिच्या सहाव्या वर्षीची ती दुपार डोक्यात. लिहूनच टाकतो.

नवीन बी पेरलं होतं तेव्हा. नखाएवढे कोंभ. ही दुपारी डबा घेऊन आली, सोबत भिंगरी. ही फाटकावर रखवालदाराशी बोलत होती. पोर दोरीखालून घुसली आणि मूठ वर करून थेट माझ्याकडे धावत सुटली. मी ओरडलो. असा ओरडलो की पलीकडे रोलरवाल्यानं रोलर थांबवला! दंडाला धरून उचलली आणि दोरीबाहेर नेऊन ठेवली. रडली नाही. तोंड घट्ट मिटून उभी.

अकरा पावलं उमटली होती. त्याच संध्याकाळी वाळू घालून बुजवली.

खोडकरच होती. पण मी एवढं ओरडायला नको होतं. हे तिला कधी सांगितलं नाही. आता कसं सांगणार?

१३ मार्च, गुरुवार

फळ्या अंथरल्या. शेवटची मीच बसवली.

१६ मार्च, रविवार

कानात अजून घुमतंय!

काल निघताना सगळ्यांना कॅनव्हासचे बूट घालायला लावले. हिचे टाचांचे सँडल दारातच काढून घेतले. "लोक नटून येतील आणि आपण कवायतीला निघालोय!" वाटभर हेच. आईनं कानात कापसाचे बोळे घातले होते. पहिलंच गाणं ऐकून म्हणाली, "एवढं ओरडतायत, घरी कोणी ऐकत नसेल बिचाऱ्यांचं."

आवाज म्हणजे काय! ड्रम पोटात वाजत होता. पण माझं लक्ष पायाखाली. राहवेना. खाली बसलो आणि दोन फळ्यांच्या फटीत बोट घातलं. गरम! आत नुसती वाफ. शेजारची एक पोरगी वाकली — "काका, काही हरवलं का?" मी काय सांगणार, गवताचा ताप बघतोय म्हणून? तोवर तिनं मोबाईलचा उजेड पाडला. मग दुसऱ्यानं. बघता बघता दहा-बारा जण गुडघ्यावर बसून शोधायला लागले. "अंगठी असेल!" "काकू, सोन्याची होती का?" ही पदरात तोंड खुपसून हसत होती.

भिंगरीही खाली बसली. ती मात्र खरंच शोधत होती. "माझंही हरवलंय इथंच कुठेतरी," म्हणाली. मला वाटलं चेष्टा करतेय.

मग ते उड्यांचं गाणं आलं. अख्खं मैदान उड्या मारायला लागलं! मी हात पसरून म्हणतोय, अहो हळू, अहो जरा हळू... कोण ऐकतंय! भिंगरीनं माझे दोन्ही हात धरून खाली केले. कानाशी तोंड आणून ओरडली, "बाबा, तिकीट काढलंय मी. आज तरी हाकलू नका!"

मी उडी मारली.

मग आणखी मारल्या. माझ्या मैदानावर, मी! ही तर कधीच सुरू झाली होती. आई एका हातानं बोळे धरून दुसऱ्यानं माझी पाठ थोपटत होती — "मार रे, अजून मार!" लेकीचे हात सुटले नाहीत. किती मोठे झालेत ते हात. पिठाचे, भाजल्याचे डाग आहेत त्यांवर. मला ठाऊकच नव्हतं. गवताला तळहाताच्या फोडासारखं जपलं आणि हे हात बघायचे राहून गेले. घरी येईपर्यंत डोळे पुसत होतो. स्टेजवरच्या धुरानं, असं सांगितलं.

१७ मार्च, सोमवार

फळ्या उचलल्या. पिवळंधमक! तरी मुळं जिवंत आहेत. हवा खेळवली, पाणी दिलं. आठवडाभर राबलं तर तपासणीपर्यंत सावरेल.

डाव्या गोलखांबापासून वीस पावलांवर गवताचं एक वर्तुळ पार झोपलंय. आम्ही चौघं तिथंच होतो. राग यायला हवा होता. आला नाही.

१८ मार्च, मंगळवार

बेकरीची पाळी संपवून भिंगरी आली. आपणहून! दोरीबाहेर उभी राहिली. बूट काढून हातात घेतलेले. "पाय ठेवू?"

ये म्हटलं. दोरी वर धरली.

त्या वर्तुळात दोघांनी बी टाकलं. मग धीर करून विचारलं, त्या दिवशी धावत का आली होतीस?

"पहिला दात पडला होता. मुठीत होता. तुम्हाला दाखवायचा होता."

मग कुठं गेला?

तिनं गवताकडे बोट केलं. "तुम्ही दंड धरलात ना, तेव्हा मूठ सुटली."

त्यावर वाळू मीच टाकली होती.