दहा मिनिटं, प्रश्न नकोत

४ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

फोनवर हे बोलायची सोय नाही. तुझी भिंगरी कान टवकारून बसलेली असते, म्हणून पत्र. परवा ती वर्गातल्या एका मुलीला कडकडून चावली आणि मला शाळेतून बोलावणं आलं. वाटलं, आता पोरीचं नाव शाळेतून काढणार. पण तिथल्या समुपदेशक बाईंनी मलाच बाकावर बसवलं! अशा मुलांच्या पालकांसाठी त्या दर शनिवारी शाळेतच वर्ग घेतात. मी आई नाही, मावशी आहे म्हटलं, तर म्हणाल्या, जी वेणी घालते ती चालेल.

पहिला धडा असा. रोज दहा मिनिटं पोरीची. ती खेळेल ते बघायचं, दिसेल ते बोलायचं. प्रश्न नाही, हुकूम नाही, उपदेश तर नाहीच. सरावाला बाई स्वतः मूल झाल्या, फतकल मारून ठोकळे रचू लागल्या, आणि मी सवयीने सुरू: हे काय, असं का, नीट ठेव! शेजारची एक जण म्हणाली, शिंपीणबाई, तोंडाला दोन टाके घाला.

एक लिहिते, राग मानू नकोस. तुझा फोन आला की ती पळून जाते, हे मी बाईंना सांगितलं. आई काय बोलते, असं त्यांनी विचारलं. मी आठवून सांगितलं: जेवलीस का, अभ्यास केलास का, मावशीला त्रास देत नाहीस ना. बाईंनी बोटांवर मोजलं: तीन प्रश्न.

जिवाला जप.
तुझी ताई

११ जुलै

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

राग आला नाही म्हणाले तर खोटं होईल. वॉर्डात दिवसभर दुसऱ्यांची मुलं माझ्या हाताखालून जातात. माझी समोर असती तर मीही दिसेल ते बोलले असते. इथून मला काय दिसतं? विचारल्याशिवाय तिचं काहीच माझ्या हाती लागत नाही. तिचा दात पडला, तोही विचारूनच कळला.

रजा शिल्लक आहे. पण चार दिवस येऊन परत निघाले तर ती आणखी बिथरेल, ही धास्ती. आधी तिचे बाबा गेले, मग नोकरीपायी मी. फार आठवण येते ग तिची. ती मला विसरली तर?

तुझ्या मायेवर टेकलेली,
धाकटी

१९ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद.

विसरायला ती काय तुझ्यासारखी छत्र्या हरवणारी आहे? तुझी अडचण बाईंना सांगितली. दिसत नाही तर ऐकू येईल ते बोला, म्हणाल्या. रविवारी फोनचा स्पीकर लावून तिच्याजवळ जमिनीवर ठेवते आणि मी मशीनवर बसते. तू फक्त जिभेला आवर घाल. मला जमतंय तर तुला का नाही? काल तिने बटणांचा डबा पालथा केला. मी एवढंच म्हणाले, लाल बटणं वेगळी झाली, पांढरी वेगळी. थोड्या वेळाने पोरगी आपणहून मांडीवर येऊन बसली.

रविवारची वाट बघणारी,
ताई

२५ जुलै

ती. ताईस शि. सा. नमस्कार.

बोलली नाही, पण पळालीही नाही! मी म्हणाले, काहीतरी टपटप पडतंय. लगेच जोरात पडलं. म्हणाले, आता गडगडत लांब गेलं. मग हसली ग, ऐकलंस ना? मग चमचा वाजवला, मग दार. माझ्यासाठीच वाजवत होती.

शेवटी मात्र अगदी शांत झालं. काय करतेस, हे ओठांवर आलेलं गिळलं. म्हणाले, आता काही ऐकू येत नाही, पण मी आहे. तेव्हा काय करत होती ती? तुला विचारायला तर बंदी नाही.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
धाकटी

१ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद.

मशीन थांबवून मी तेच बघत होते. फोनपुढे उकिडवी बसली होती, तोंड मिटलेलं, आणि हाताने तुला बोलावत होती. ये, ये, असं, मांजरीला बोलवावं तसं. मी आहे, असं तू म्हणालीस तेव्हा उठून दाराबाहेर बघून आली.

तुझी धास्ती बाईंना सांगितली. म्हणाल्या, परत जायचा दिवस आल्या आल्या सांगा आणि निरोप घेऊनच निघा. मुलं तेवढं सोसतात. आणि हुकूम द्यायचा नाही हा नियम भिंगरीपुरता आहे, धाकट्या बहिणीला लागू नाही. रजा टाक आणि निघ.

बाकीची माया समोर आलीस की.
ताई