नाटकात चिमणी कोणती?

प्रिय ताई,

धाकट्या भावाचा नमस्कार. भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? आम्ही दोघं ठणठणीत आहोत, फक्त जरा गोंधळलो आहोत. हे फोनवर विचारलं असतं, पण तुझा फोन चिमणीच उचलते आणि विषय तिचाच आहे.

तुझ्या लेकीला नाटकात काम मिळालं आणि ते मोबाईलवर थेट दिसणार, असं तू कळवल्यापासून आमच्याकडे काटकसर सुरू झाली. आमचं पॅक साधं. रोजचा डेटा संपला की पडद्यावर नुसतं चाक फिरतं. म्हणून नाटकाच्या दिवशी हिने शिवणाचे व्हिडिओ पाहिले नाहीत (बाही अर्धवट मशीनवरच राहिली) आणि मी दुकानात चष्म्याच्या काचा घासताना गाणी लावली नाहीत. तरी दुपारी बघतो तर निम्मा डेटा फस्त. मी हिच्याकडे संशयाने पाहिलं, हिने माझ्याकडे. शेवटी कळलं, मोबाईलच गुपचूप स्वतःला अपडेट करत बसला होता.

मग एका गिऱ्हाइकाने सुचवलं, चित्राचा दर्जा कमी करा, डेटा पुरतो. मी तो पार तळाला नेला. डेटा पुरला गं, पण माणसं उरली नाहीत. रंगमंचावर नुसते डाग फिरत होते. हिरवा डाग बोलला की ही म्हणे, आवाज आपल्या चिमणीचा. मला पिवळा वाटत होता. चाल अगदी तुझी. हिरवा मेला तेव्हा ही रडली. मग मधेच चाक फिरलं, थांबलं, तर हिरवा पुन्हा उभा. तो मेलाच नव्हता, की हा दुसरा होता, की मोबाईलने आपल्या मनाने दुसरंच नाटक लावलं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही. जन्मभर लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून खपलो आणि भाचीचं पहिलं नाटक असं पाहिलं, याचं फार वाईट वाटतं.

भावोजींना नमस्कार सांग, गुडघ्याला जप म्हणावं.

तुझा,
भाऊ

ता. क. खरं तर एवढ्यासाठीच लिहिलं : चिमणी हिरवी की पिवळी? रविवारी ती इकडे येणार आहे, कौतुक नेमकं व्हायला हवं.

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात तिचाच फोन आला. मला राहवलं नाही. म्हटलं, "चिमणे, मरणाच्या प्रसंगात जीव ओतलास." ती म्हणाली, "मामा, मी स्टेजवर नव्हते. प्रकाशयोजना माझी होती. नीट दिसलं ना सगळं?"

मी "लख्ख" म्हणालो. ताई, पत्र वाचून झालं की फाडून टाक.